जलरेषेखालचा तांबडा रंग

एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पर्यावरण समितीचे ८३ वे अधिवेशन लंडन येथे झाले. बातम्यांचा झोत राहिला तो जहाजांवरील कार्बन-आकारणीच्या प्रस्तावावर. पुढे ऑक्टोबरमध्ये त्या प्रस्तावावरील निर्णय वर्षभरासाठी लांबणीवर पडला. परंतु एप्रिलच्या त्याच बैठकीत आणखी एक निर्णय झाला होता आणि त्याची चर्चा फारशी कुठे झाली नाही. जहाजांच्या बुडाला चिकटून देशोदेशी जाणाऱ्या सागरी जीवांना आवर घालण्यासाठी बंधनकारक कायदेशीर चौकट तयार करण्याचे काम समितीने हाती घेतले. या विषयावर २०११ ची आणि सुधारलेली २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वे होतीच. ती पाळणे मात्र ऐच्छिक होते. आखाती देशांत बंदरे, जहाजदुरुस्ती, विमा आणि नौकानयन यांच्याशी निगडित असलेल्या आपल्या वाचकवर्गाला या निर्णयाची झळ किंवा संधी लवकरच जाणवेल.

या साऱ्याचे मूळ एका रंगात आहे. माल उतरवून हलके झालेले जहाज पाण्यातून वर उचलले गेले की त्याचा तांबडा पट्टा दिसू लागतो. हा रंग केवळ परंपरेने आलेला नाही. शेवाळ, बार्नेकल, शिंपले बुडावर बसू नयेत म्हणून लेपात क्युप्रस ऑक्साइड हे तांब्याचे संयुग मिसळतात आणि ते मुळातच तांबूस असते. मराठीत ‘तांबडा’ हा शब्दच तांब्यावरून आला. इथे तो शब्दशः खरा आहे. आज निळ्या किंवा काळ्या बुडाची जहाजेही दिसतात, पण त्यांतील पुष्कळांच्या लेपात तांबे असतेच. गडद रंगद्रव्याने ते झाकलेले असते इतकेच. शुभ्र पांढरा लेप मात्र या संयुगातून साधत नाही. रंगाचा आणखी एक व्यावहारिक उपयोग आहे. एकावर एक दिलेल्या थरांच्या छटा मुद्दाम वेगळ्या ठेवतात, म्हणजे वरचा थर कुठे झिजला ते सुक्या गोदीत नजरेनेच कळते.

तांब्याची ही सोबत जुनी आहे. १७६१ मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या लाकडी बुडावर तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. लाकूड पोखरणारे किडे थांबले, शेवाळही कमी झाले. पण त्याच प्रयोगात पत्र्याला भिडलेले लोखंडी खिळे गंजून गेले, आणि पुढे लोखंडी जहाजे आली तेव्हा पत्र्यांचा मार्गच बंद झाला. म्हणून एकोणिसाव्या शतकात तांबे लेपात शिरले. अरबी समुद्रातील लाकडी गलबतांची रीत निराळी होती. चुना आणि चरबी यांचे मिश्रण बुडाला थापत, त्यामुळे त्यांचे बूड पांढरे दिसे. दर हंगामाला नौका ओहोटीच्या वाळूवर कलती करून खरवडायची आणि पुन्हा चुना लावायचा. कष्ट फार, पण समुद्रात विष नाही.

मग एवढा खटाटोप कशासाठी? इंधनासाठी. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासानुसार, बुडाच्या निम्म्या भागावर केवळ अर्धा मिलिमीटर जाडीचा बुळबुळीत थर साचला तरी जहाजाचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन २५ ते ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकते. जगाच्या उत्सर्जनात जहाजवाहतुकीचा वाटा सुमारे ३ टक्के आहे. म्हणजे हा थर रोखणे हवामानाच्या दृष्टीनेही मोलाचे. अडचण एवढीच की तो रोखण्याचे सर्वांत स्वस्त साधन विष हेच आहे.

या विषाचा सर्वांत कडवट धडा ट्रायब्युटिलटिनने, म्हणजे टीबीटीने दिला. १९६० च्या दशकापासून हे कथिलाचे संयुग लेपांत सर्रास वापरले जाऊ लागले. ते इतके प्रभावी ठरले की जहाजमालकांना दुसरे काही नकोसे झाले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधील आर्काशों उपसागरात कालवांची पैदास कोलमडली, त्यांची कवचे वेडीवाकडी वाढू लागली. १९८२ मध्ये फ्रान्सने २५ मीटरहून लहान नौकांवर टीबीटीला बंदी घातली. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील शंखगोगलगायींच्या माद्यांमध्ये नराची इंद्रिये उगवू लागल्याचे आढळले आणि त्यांची संख्या घटली. जागतिक करार झाला तो २००१ मध्ये, आणि तो अमलात आला सप्टेंबर २००८ मध्ये. आर्काशोंच्या कालवांपासून इथवर यायला जवळपास तीन दशके लागली. गोव्याच्या संशोधकांनी कोकणाचे नाव धारण करणाऱ्या ‘क्रोनिया कोंकणेन्सिस’ या गोगलगायीत हीच विकृती नोंदवली ती १९९९ मध्ये. बंदी आली तरी बंदरांच्या गाळात उतरलेले टीबीटी लगेच नाहीसे होत नाही.

त्याच करारात १ जानेवारी २०२३ पासून सायब्युट्रिन या शेवाळनाशकाचीही भर पडली. तांब्यावर मात्र अशी जागतिक बंदी नाही आणि नजीकच्या काळात ती येईल असे वाटत नाही. बंदिस्त खाड्यांमध्ये व बाल्टिकसारख्या समुद्रांत निर्बंध आले आहेत ते स्थानिक. पर्याय म्हणून सिलिकोनचे लेप पुढे येत आहेत. त्यांत विष नसले तरी चालते. पृष्ठभाग इतका निसरडा की जहाज वेगात निघाले की चिकटलेले जीव गळून पडतात. ते महाग आहेत, सहज ओरखडतात आणि नांगर टाकून आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या जहाजाला फारसे उपयोगी पडत नाहीत.

नव्या करारातील खरा पेच इथेच आहे. उष्ण, उथळ पाण्यात ताटकळणारी जहाजे सर्वांत लवकर माखतात आणि आपले आखाती नांगरतळ नेमके तसेच आहेत. दुसरीकडे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांनी स्वच्छ बुडाची अट कडक केली आहे. २०२२ च्या डिसेंबरात ‘वायकिंग ओरायन’ हे प्रवासी जहाज याच कारणाने अॅडलेडबाहेर अडकले आणि पाणबुड्यांकडून बूड साफ करून घ्यावे लागले. हा कडकपणा अनाठायी नव्हे. १९९९ मध्ये डार्विन बंदरात काळ्या पट्ट्यांचे परके शिंपले सापडले, तेव्हा नौकाघाट बंद करून पाण्यात क्लोरीन आणि (नियतीचा विनोद पाहा) तांब्याचेच क्षार ओतावे लागले. तेच मूळचे मध्य अमेरिकेकडचे शिंपले विशाखापट्टणम आणि मुंबई बंदरांत मात्र कित्येक दशकांपासून ठाण मांडून आहेत.

म्हणून नियम बंधनकारक होताना ‘बूड स्वच्छ हवे’ एवढे लिहून भागणार नाही. ते कुठे घासायचे, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा. पाण्यातच घासले तर लेपातील तांबे आणि परके जीव दोन्ही त्याच बंदरात सांडतात; खरवड गोळा करणारी यंत्रणा सर्वत्र नाही आणि ती खर्चिक आहे. श्रीमंत बंदरांनी दार बंद केले की हे काम ज्यांचे नियम सैल आहेत त्यांच्या किनाऱ्यावर सरकते. जहाजतोडणीच्या व्यवसायाने हाच प्रवास केला. भारत या वाटाघाटींत जहाजमालक, खलाशी पुरवणारा देश आणि किनारा असलेला देश अशा तिन्ही नात्यांनी बसतो. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि अंबरनाथची नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा यांच्या रूपाने या विषयातले ज्ञान आपल्याकडे आहे. लंडनमध्ये भारताने आधी मागायला हवे ते दोनच गोष्टींविषयी: खरवड गोळा केल्याशिवाय पाण्यात सफाई नको, आणि तिचा खर्च बंदराने नव्हे, जहाजमालकाने द्यावा.