लाल यादी दिल्लीची, चिखल हजीऱ्याचा

ऑक्टोबर २०२५ मध्ये अबू धाबी येथे जागतिक निसर्गसंवर्धन परिषद भरली होती. तिथे भारत सरकारने देशाची स्वतःची ‘राष्ट्रीय लाल यादी’ तयार करण्याचा आराखडा मांडला. सुमारे ७,००० वनस्पती आणि ४,००० प्राणी यांपैकी कोणावर किती संकट आहे, हे २०३० पर्यंत ठरवायचे आहे. मग संवर्धनाचा पैसा आणि मनुष्यबळ कुठे लावायचे याचा निर्णय त्यावरून होईल.

बँकेत नोकरी केलेल्या आमच्यासारख्यांना ही रीत ओळखीची वाटते. कर्जखात्यांची वर्गवारी असते, तशी इथे असुरक्षित, संकटग्रस्त, अतिसंकटग्रस्त अशी वर्गवारी. पण मुख्य कार्यालयाला खाते किती आजारी आहे हे शाखा कळवील तेवढेच कळते. इथली शाखा म्हणजे ग्रामपंचायत. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती आणि लोकांना विचारून भरलेली जैवविविधता नोंदवही हवी. बरीच वर्षे काम रेंगाळले. अखेर हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली आणि त्यानंतर राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरायला लावायचे ठरवले, तेव्हा देशभर नोंदवह्यांची घाई उडाली. ३१ मार्चची रात्र शाखेत काढलेल्यांना अशा घाईतल्या नोंदींची किंमत सांगायला नको.

आता आपल्या दाराशी पाहू. तापीच्या मुखाचा चिखल परक्याला ओसाड दिसतो, पण त्यावरच लेवटा जगतो (आपण कोकणात त्याला निवटी म्हणतो) आणि हिवाळ्यात पाणपक्षी उतरतात. सरकारी अहवालात मोजले जाते ते खारफुटीचे क्षेत्र. २०२३ च्या वनस्थिती अहवालात गुजरातमध्ये ते १,१६४ चौरस किलोमीटर होते, दोन वर्षांत सुमारे ३६ ने कमी. लागवड मात्र बहुतेक एकट्या तिवराची होते. क्षेत्र भरून निघाले तरी चिखलातला जीव परत आला का, हे या आकड्यातून कळत नाही.

शिवाय धोका नेहमी गावातच असतो असेही नाही. हतनूर, उकाई आणि सिंगणपोरचा बंधारा यांनी अडवलेले गोडे पाणी मुखाशी कमी पोचते. जळगाव-धुळ्याहून इथे आलेल्या आपल्या कुटुंबांची नदी हीच. एकट्या हजीऱ्याच्या नोंदवहीत हे कारण कसे उमटणार?

आपल्यातल्या बहुतेकांची चूल इथल्या कारखान्यांवर पेटते, हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणूनच जानेवारी २०१६ चा निकाल आठवावा. हजीरा मच्छीमार समितीच्या अर्जावर हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने इथल्या अदानी बंदराची २०१३ ची पर्यावरण मंजुरी रद्द करून २५ कोटी रुपये भरायला सांगितले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. पण खाडीत काय बिघडले हे आधी मच्छीमारांना कळले, कारण त्यांची वाट अडली होती.

तेव्हा सभासदांनी आपापल्या पंचायतीत जाऊन नोंदवही मागावी आणि लेवट्याचे पान उघडावे. मच्छीमाराला विचारून भरलेले असेल, तर त्यात खाडीचे नाव, महिना आणि पूर्वी किती मिळत होता हे सापडेल. नुसतेच ‘आढळतो’ लिहिले असेल, तर ग्रामसभेत तो विषय काढता येईल.