‘वापरतं कोण?’ म्हणणाऱ्यांसाठी

"जी कोणी वापरत नाही त्या ऑपरेटिंग सिस्टीममधले बग कशाला निस्तरायचे?" ऐकून ऐकून कान किटले, मंडळी!

बीओएस बंद पडली तेव्हा २००१ साली हौशी लोकांनी ती नव्याने लिहायला घेतली. तीच आजची हायकू. २०१८ साली आंद्रेआस क्लिंगने सेरेनिटीओएस शून्यापासून सुरू केली. तिथे कोणी एडिटरचा कर्सर सुधारतो, कोणी फाइल मॅनेजर. बहुतेकांना ना पगार, ना गिऱ्हाईक...

वेळ वाया? आमच्या कौंडण्यपूरच्या पत्त्यात ‘वऱ्हाड’ लिहून बघा. अक्षरं जोडणारा कोड कच्चा असला की ‘ऱ्ह’ फुटतो. पाय मोडलेला ‘ऱ’ एकीकडे, ‘ह’ दुसरीकडे. बंद सॉफ्टवेअरमध्ये तक्रार करा आणि वाट बघा. छंदाच्या सिस्टीममध्ये एडिटरपासून फाँटच्या कोडपर्यंत सगळं उघडं. चूक शोधा, दुरुस्त करा. कॉम्प्युटर आतून कसा चालतो हे असं शिकवणारा क्लास मला तरी माहीत नाही!

रुक्मिणीच्या माहेराहून पालखी पंढरपूरला पायी जाते. वारकऱ्याला आपण विचारतो का, "एसटी असताना चालता कशाला?"

मग या पोरांनाच का?