समाजशास्त्राचे सुवर्णपदक कोणाला?

निकाल लागले की सोलापुरात गुणवंतांच्या सत्कारांचे दिवस सुरू होतात. अभियांत्रिकी, वैद्यकीय शाखांच्या विद्यार्थ्यांना व्यासपीठावर मानाचे स्थान असते. समाजशास्त्रात प्रथम आलेल्या मुलीचे नाव बहुधा यादीच्या तळाशी सापडते. अन्यत्र प्रवेश न मिळाल्यास घ्यावयाचा तो विषय, असा समज आपल्या सुशिक्षित घरांतही रुजला आहे.

इरावतीबाई कर्वे याच विषयाच्या विद्यार्थिनी. डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली त्यांनी १९२८ साली एम.ए. केले, पुढे बर्लिनची डॉक्टरेट मिळविली. परंतु ही विद्वत्ता ग्रंथालयात बसून राहिली नाही. ज्ञानोबांच्या पालखीबरोबर त्या पंढरीच्या वाटेवर चालल्या. विठ्ठल एक, वाट एक. तरी ब्राह्मण आणि मराठा स्त्रिया वेगळ्या जेवतात, हे पाहून त्यांना दुःख झाले आणि त्या मराठा बायांबरोबर जेवल्या. 'वाटचाल' या लेखात त्यांनी हे लिहून ठेवले आहे. समरसतेवर व्याख्यान देणे त्या मानाने सोपे! पुढे कोयना धरणामुळे उठलेल्या माणसांचे काय झाले, याची पाहणी त्यांनी जाई निंबकर यांच्यासमवेत केली. ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली.

सोलापूरच्या विद्यार्थ्याला तर विषय शोधत दूर जावयास नको. १९५२ साली गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला, त्यापूर्वी येथील 'सेटलमेंट'मध्ये माणसे तारेच्या कुंपणाआड हजेरी देत होती. त्यांच्या नातवंडांना आज नोकरी मागताना काय ऐकावे लागते? तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरांत मागानंतर काय उरले? उजनीच्या पाण्याने करमाळा तालुक्यातील गावे उठली, ती पुन्हा गाव म्हणून उभी राहिली का?

एका जिल्ह्यासाठी २००४ साली स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाने हे मनावर घ्यावे. समाजशास्त्राचे पदक केवळ गुणपत्रिकेवर देऊ नये. वस्तीत किती दिवस काढले, मुलांचे दाखले मिळवून देण्यास मदत केली का, आणि मुख्य म्हणजे आपले निष्कर्ष त्या लोकांना वाचून दाखविले का, हे परीक्षकांनी विचारावे. माहिती घेऊन जाणारे त्या वस्त्यांनी पुष्कळ पाहिले आहेत.

आणि सत्कार सभागृहात नको. त्याच वस्तीच्या चौकात व्हावा. पदक तेथील एखाद्या आजीच्या हस्ते दिले जावे.