समर्थ, अप्पा आणि आमचे निदान

शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल हे व्यवसायाने डॉक्टर होते आणि होम्सची मूर्ती त्यांनी एडिंबरोतील आपले शिक्षक डॉ. जोसेफ बेल यांच्यावरून घडवली, हे आपण वैद्यकीय मंडळी अभिमानाने सांगतो. माझी स्वतःची आवड मात्र तितकीशी प्रतिष्ठित नाही. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या ‘समर्थ’कथा मी शाळकरी वयापासून वाचत आलो, आणि बाह्यरुग्णांची गर्दी ओसरली की आजही वाचतो.

समर्थ हे अमानवी शक्तींचा माग काढणारे गुप्तहेरच. साध्यासुध्या मध्यमवर्गीय घरात काही विपरीत घडू लागते, आणि हताश कुटुंब त्यांच्याकडे येते. ते ऐकून घेतात, प्रश्न विचारतात, जागा पाहतात, मगच उपाय योजतात. सोबत अप्पा जोशी असतात, आपल्या वॉटसनसारखे. रोगेतिहास, तपासणी, निदान, उपचार! अमेरिकेत जिम बुचर यांनी २००० साली ‘स्टॉर्म फ्रंट’मध्ये शिकागोत असाच एक जादूगार-गुप्तहेर उभा केला; त्याची जाहिरात चक्क दूरध्वनी पुस्तिकेत असते.

रहस्यकथेत अतिमानवी शक्ती नकोच, असा दंडक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये घातला होता. मला तो जाचक वाटतो. भूत असू द्या, पण त्याचे नियम वाचकाला आधी कळावेत. पुष्कळदा शेवटच्या पानावर एखादी अपरिचित शक्ती अवतरते आणि सारे निवारण करते. निदानावाचून स्टेरॉईड दिल्यासारखेच हे. ताप उतरतो, तो कशाचा होता ते कळत नाही.

काही वर्षांपूर्वी पैनगंगेअलीकडच्या या आपल्या भागातच, मेंदूज्वराचे एक मूल झटके सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. आधी मांत्रिक झाला होता. मी रागावलो, तेव्हा आजी शांतपणे म्हणाली, “तो लगेच सांगते डाक्टरसाहेब, तुमी नुसत्या तपासण्या सांगता.” मूल वाचले, ऐकू येणे मात्र गेले.

दोष धारपांचा नव्हे. त्या आजीने त्यांचे एक पानही वाचलेले नसणार. पण तिला जे हवे होते, तेच मी रात्री समर्थांकडे मागत असतो : कधीही न चुकणारा जाणकार. मी वाचलेल्या कथांत समर्थ चुकल्याचे मला आठवत नाही. होम्स मात्र ‘यलो फेस’ या १८९३ मधील कथेत साफ चुकतो, आणि पुन्हा गर्व झाला तर त्या गावाचे नाव माझ्या कानात सांग, असे वॉटसनला विनवतो. अप्पांनी तशी एखादी कथा सांगितली असती, तर मी ती त्या आजीला वाचून दाखवली असती.