बेड्यावरचं मत

बंदुकीचा परवाना मागणाऱ्याची पोलीस चौकशी होते, आणि ती व्हायलाच हवी. 1959च्या शस्त्र कायद्यात परवाना ही सवलत आहे. ती का हवी, हे अर्जदाराने पटवून द्यायचं असतं. मत ही सवलत नव्हे. राज्यघटनेच्या कलम 326 ने ते प्रत्येक प्रौढ नागरिकाला दिलं आहे. तरीही आपली यंत्रणा मतदारालाही परवाना मागणाऱ्यासारखंच वागवते: यादीत नाव घालायला वयाचा आणि पत्त्याचा पुरावा मागते. वर्धा जिल्ह्यातल्या आंजी (मोठी) इथल्या पक्क्या घरातल्या कुटुंबाला वीजबिल दाखवणं सोपं असतं. त्याच जिल्ह्यातल्या पारधी बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, जिथे जागेचा सातबारा नाही आणि मुलांचे जन्मदाखले नाहीत, तोच नियम भिंत होऊन उभा राहतो. 1871पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांत पारधी होते. तो कायदा 1952 मध्ये गेला, संशय मात्र गेला नाही.

ओळख तपासली नाही तर बोगस मतदान होईल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून केंद्रावरची तपासणी राहू द्यावी. पण ज्याचं नाव यादीतच आलं नाही, तो केंद्रापर्यंत पोचतच नाही. बेघरांसाठी निवडणूक आयोगाची तरतूद आहेच: बीएलओने (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने) रात्री जाऊन माणूस तिथे झोपतो का ते पाहावं, पत्त्याचा कागद मागू नये. तीच पद्धत बेड्यांसाठीही वापरावी: मतदार यादीच्या पुढच्या पुनरीक्षणात बीएलओंनी नमुना 6, म्हणजे नावनोंदणीचा अर्ज, घेऊन बेड्यांवर जावं, आणि किती नावं नोंदवली ते तहसीलदारांनी जाहीर करावं.