लोखंडाचीच तर बॅटरी, मग चीनने तिचं तंत्रज्ञान का रोखलं?

इलेक्ट्रिक गाडी घ्यायला गेलात की 'एलएफपी बॅटरी' हा शब्द हमखास कानावर पडतो. एलएफपी म्हणजे लिथियम, लोह आणि फॉस्फेट. यात महागडं कोबाल्ट नाही, निकेलही नाही. तरीही ही कॅथोड पावडर बनवण्याचं तंत्रज्ञान सरकारी परवान्याशिवाय देशाबाहेर द्यायचं नाही, असा नियम चीनने जुलै 2025 मध्ये केला. असं काय आहे या पावडरीत?

कणाच्या आत काय चालतं?

कॅथोड ही बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू. चार्जिंग करताना लिथियम तिथून बाहेर पडतं आणि गाडी चालताना परत येऊन बसतं. ही ये-जा होते ती पावडरीच्या अतिसूक्ष्म कणांमध्ये. केसाच्या जाडीत असे शंभरेक कण सहज मावतील.

मग ते पाहायचं कसं?

लिथियम फार हलकं असल्यामुळे एक्स-रेमध्ये ते नीट दिसत नाही. म्हणून शास्त्रज्ञ लोहावर नजर ठेवतात. लिथियम निघून गेलं की लोहाची रासायनिक अवस्था बदलते आणि तो बदल एक्स-रे टिपतात. अमेरिकेत बर्कलीच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड लाइट सोर्स'मध्ये अशा चालू कणांचे व्हिडिओ घेतले गेले. लिथियम कणात सगळीकडे सारखं शिरत नाही, हे 2016 मध्ये दिसलं. याचं कारण काय असावं, ते 2023 मध्ये एमआयटी आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये मांडलं. एलएफपीतून वीज नीट वाहत नाही, म्हणून कणांवर कार्बनचा पातळ थर देतात. या थराची जाडी कमी-जास्त होते, तसा रासायनिक क्रियेचा वेगही बदलतो, असं त्यांना आढळलं.

आपल्यासाठी याचा अर्थ काय?

म्हणजे कच्चा माल साधा असला, तरी खरी किंमत आहे ती तो घडवण्याच्या हातोटीला. भारताने 2021 मध्ये बॅटरी सेलच्या कारखान्यांसाठी 18,100 कोटी रुपयांची योजना आणली. पण कारखाना उभा राहिला आणि पावडर बाहेरूनच आणावी लागली, तर दोरी दुसऱ्याच्याच हातात राहते.

प्रखर एक्स-रे देणारं यंत्र आपल्याकडेही आहे, इंदूरचं 'इंडस-2'. चूक कुठे होते हे अशी यंत्रं दाखवू शकतात. पण प्रत्येक कणावर सारखा थर बसवणं कारखान्यातच शिकावं लागतं, आणि ती शिकवणी आता बाहेरून सहज मिळणार नाही.