उसाचा उतारा दाखवणारा डॅशबोर्ड चुकला, तर शेतकऱ्याचं बिल कुठं चुकतं?

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तक्ता फिरायला लागतो. कारखान्यांची नावं, आजचं गाळप, एकूण गाळप, तयार साखर आणि शेवटच्या रकान्यात उतारा. मग वाद रंगतो, "आमच्या कारखान्याचा १२ च्या वर गेला, तुमच्याचा का नाही?"

दिसायला हा साधा आकडा आहे, पण उसाचं बिल त्याच्यावरच ठरतं.

केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाची एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये ठरवली. हा दर १०.२५ टक्के उताऱ्यासाठी आहे. त्यापुढे उतारा ०.१ टक्क्याने वाढला की क्विंटलला ३ रुपये ४६ पैसे जादा मिळतात. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. १० लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यात हा ०.१ चा फरक ३ कोटी ४६ लाखांवर जातो.

आता हे आकडे कागदापेक्षा स्क्रीनवर जास्त बघितले जातात. कारखाना असो, दूध संघ असो की बँक, सगळ्यांना डॅशबोर्ड हवा असतो. आणि तो बनवताना एक शब्द हमखास ऐकू येतो, रियुजेबल कंपोनंट.

कंपोनंट म्हणजे काय?

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत गेलात तर लगेच कळेल. तिथं आधी पॅटर्न बनवतात, म्हणजे साचा पाडण्यासाठीचा नमुना. त्या एका पॅटर्नवरून हजारो कास्टिंग निघतात. पॅटर्न बरोबर असेल तर काम झटपट होतं. तो चुकला तर निघणारा प्रत्येक नग चुकीचा.

डॅशबोर्डचंही तसंच आहे. 'उतारा' दाखवणारा चौकोन एकदाच बनवायचा आणि तोच प्रत्येक कारखान्यासाठी, तालुक्यासाठी, विभागासाठी वापरायचा. वेळ वाचतो, सगळीकडे सारखं दिसतं, दुरुस्ती एकाच जागी करता येते. पण बरेच जण फक्त दिसणं सारखं करतात. रंग तोच, अक्षर तेच, आणि आतला हिशेब मात्र प्रत्येक पानावर वेगळा. खरी गडबड इथं होते.

गडबड कुठं कुठं होते?

पहिली, व्याख्येत. १,००० टन उसातून १,२०० क्विंटल साखर निघाली तर उतारा १२ टक्के. सोपं आहे. पण कारखान्याने बी-हेवी मळीपासून किंवा थेट रसापासून इथेनॉल केलं की पोत्यात येणारी साखर कमी होते. नुसता भागाकार केला तर उतारा पडलेला दिसतो. उसात साखर तेवढीच होती, तिचा काही भाग इथेनॉलकडे वळला. तो हिशेबात धरलाय की नाही, हे त्या चौकोनातच लिहिलेलं असायला हवं.

दुसरी, सरासरीत. एका कारखान्याचं गाळप १ लाख टन, उतारा १०. दुसऱ्याचं ९ लाख टन, उतारा १२. दोघांची सरासरी किती? ११ म्हणालात तर चुकलात. एकूण साखर भागिले एकूण ऊस केलं की उत्तर ११.८ येतं. म्हणून कंपोनंटला टक्के पुरवायचे नसतात, साखर आणि ऊस असे मूळ आकडे द्यायचे असतात.

तिसरी, काळात. हंगामाच्या सुरुवातीला उतारा कमी असतो, थंडीत ऊस पक्व होतो तसा चढतो. त्यामुळे आजचा उतारा, हंगामाचा आजवरचा उतारा आणि मागच्या हंगामाचा उतारा हे तीन वेगळे आकडे आहेत.

हा फरक किती महागात पडतो, ते कोर्टापर्यंत गेलेल्या वादावरून कळतं. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये एफआरपी दोन टप्प्यांत देण्याचा निर्णय काढला. पहिला हप्ता ठरवून दिलेल्या विभागीय उताऱ्यावर, उरलेला त्याच हंगामाचा उतारा निघाल्यावर. राजू शेट्टी त्याविरोधात मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. वादाच्या मुळाशी एक प्रश्न होता, बिलासाठी कोणता उतारा धरायचा? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. चालू हंगामाच्या उताऱ्याची वाट बघत बसलं तर १४ दिवस पाळायचे कसे?

चौथी, रंगात. २०२१ च्या हंगामाआधी साखर आयुक्तालयाने एफआरपी देण्याच्या इतिहासावरून कारखान्यांना लाल, पिवळा, हिरवा असे रंग दिले होते. कुठं ऊस घालायचा हे शेतकऱ्याला बघताक्षणी कळावं, हा हेतू. कल्पना चांगली आहे. पण एका पानावर लाल म्हणजे थकबाकी आणि दुसऱ्या पानावर लाल म्हणजे कमी उतारा असं झालं, तर चांगला कारखाना बदनाम होतो आणि थकवणारा सुटतो.

मग चांगला चौकोन कसा असतो?

आकड्यासोबत त्याचं एकक, तो कोणत्या तारखेपर्यंतचा आहे, कसा काढला आणि कुणी दिला, एवढं त्याच चौकोनात दिसतं. माहिती आली नसेल तर तिथं शून्य येत नाही, 'माहिती आली नाही' असं येतं. गाळप बंद असलेला कारखाना आणि आकडा न पाठवलेला कारखाना एकसारखे दिसता कामा नयेत. व्याख्या बदलली तर कधी बदलली, याचीही नोंद राहते.

हे काम फक्त सॉफ्टवेअरवाल्याचं नाही. कोणता उतारा दाखवायचा हे कारखान्याचा केमिस्ट, हिशेबनीस आणि ऊस घालणारा शेतकरी यांनी मिळून ठरवायला हवं. कोड त्यानंतर लिहायचा.

आणि आपण? पुढच्या वेळी ग्रुपवर उताऱ्याचा तक्ता आला की फॉरवर्ड करण्याआधी तीनच गोष्टी बघा. तारीख आहे का? आजचा आहे की हंगामाचा? इथेनॉलचा हिशेब धरलाय का? तिन्हीची उत्तरं मिळाली नाहीत तर त्या आकड्यावरून भांडू नका, आधी ती उत्तरं मागा. शंभर टन ऊस घालणाऱ्यासाठी अर्ध्या टक्क्याचा फरक १७ हजार ३०० रुपयांचा असतो.